कारणाच्या रकान्यात सोयरीक

जयनगर, बंगलोर
रविवार, २२ नोव्हेंबर १९९८

चंदना,

'चि.' लिहिलं आणि 'सौ.'पाशी पेन अडलं. तू सौ. झालीस हे मला जमनामावशीनं फोर्थ ब्लॉकच्या मंडईत सांगितलं, चार बायकांसमोर. मी "हो, ठाऊक आहे की" म्हटलं आणि दुधी दाबून बघत राहिले. चार दुधी दाबले, एकही घेतला नाही.

तुझं कार्ड मिळालं. उघडं कार्ड! पोस्टमननं वाचलं असणार, खालच्या घरमालकिणीनं तर नक्कीच वाचलंय, कारण देताना ती माझ्याकडे फार प्रेमानं बघत होती. अगं, पाकिटात घालायचं नाही का? बघ, हे मी बोलते आहे. मी! कुणाचं खाजगी कुणी वाचावं यावर मी तोंड उघडावं! माझी मलाच शिसारी आली.

तुझं म्हणणं तीन ओळींचं. अजितनं आमच्या नर्सिंग होमवर ग्राहक मंचात केस केली आहे. त्याची फाईल मी कुणाला दाखवली ते रजिस्टरसकट तिथं सांगायचं. सांगितलं तर तू घरी येशील, नाही तर तुला बहीण नव्हतीच असं समजशील.

बरं. मग तुझ्यासमोरच सराव करते. तुला सगळं ठाऊक आहे, पण तिथं हे पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि एकदा कागदावर उतरलं की मला गुळमुळीत करता येणार नाही.

मी संयोगिता, वय बेचाळीस, लग्न नाही. एकोणीस वर्षं एकाच नर्सिंग होमची रेकॉर्ड रूम सांभाळते. पेशंट घरी गेला की त्याची फाईल माझ्याकडे येते आणि मी ती नंबरानं लावते. नोकरीच्या पहिल्या दिवशी थोरल्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या: कागद भिजता कामा नये, आणि रजिस्टरात नोंद केल्याशिवाय देवानं मागितली तरी फाईल बाहेर द्यायची नाही. तारीख, नंबर, नाव, मागणारा, कारण, सही. कुणाला दाखवायची नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांना शपथ असते म्हणे. मला एक स्टूल आणि कुलूप दिलं.

आपल्या इथल्या मराठी लोकांत लग्न ठरायच्या आधी चौकशी होते. घर कसं, मुलगा पितो का, आणि घरात कुणाला फिट, क्षय, कोड, वेड? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खोलीत असायचं. सोयरिकी जुळवणारी जमनामावशी महिन्या-दोन महिन्यांनी गुरुवारी दुपारी यायची, मोगऱ्याचा गजरा आणि एक नाव घेऊन. "बघ की गं स्वल्प. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे." मी बघायची, सांगायची, आणि नोंद करायची. कारणाच्या रकान्यात लिहायची: सोयरीक. खोटं कारण लिहायला मला कसंसंच व्हायचं! चोरी केली, पण नोंद करून केली.

गेल्या जानेवारीत ती अजितचं नाव घेऊन आली. तिच्याच मारतहळ्ळीच्या घरात माडीवर राहायचा, तिच्या नवऱ्याच्या, फत्तेसिंगरावांच्याच कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला. "आपल्या चंदनीला हा पुण्याचा बघतोय ना? आमच्याकडे टायफॉइड झाला तेव्हा तुमच्याकडेच होता." मी फाईल काढली. टायफॉइडच्या कागदांत डॉक्टरांनी चार ओळी लिहिल्या होत्या. वडील गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, पुण्याला गोळ्या घेतल्या होत्या. दोन महिने मनाच्या आजाराच्या वॉर्डात होता. आता बरा आहे. डॉक्टरांनी विचारलं आणि त्यानं विश्वासानं सांगितलं, बस. त्या चार ओळी मी जमनामावशीला वाचून दाखवल्या. पुढं रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला तिनं त्या वाणाबरोबर घरोघर वाटल्या. पंधरा दिवसांत माडी खाली करायला सांगितली आणि महिन्यात कंपनीनं "कन्फर्म करत नाही" म्हणून कागद दिला. त्याच्यामागे तू गेलीस, आणि जाताना मला म्हणालीस, "अक्का, तू हात धू."

धुते. रोज धुते.

आता यापलीकडे माझ्यापाशी सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. पण रजिस्टर दिलं की नोकरी गेली, आणि या वयात मला दुसरी कोण देणार? थोडा वेळ दे. एवढंच मागते.

अक्का


रविवार, १३ डिसेंबर

चंदना,

उत्तर नाही आलं. नको येऊ दे, मी लिहिते. कुणाला तरी हे सांगितलं नाही तर मला उलटी होईल.

मंगळवारी सुधींद्र साहेबांनी वर बोलावलं. तेच, थोरल्या डॉक्टरांच्या मागं नर्सिंग होम चालवणारे. एसी खोली, भिंतीवर बालाजी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला "कूतकोळ्ळी, संयोगितम्मा, बसा" म्हणाले. मी तिथंच ओळखलं की काहीतरी घाण पुढं येणार आहे.

टेबलावर पेपरचं कात्रण होतं. दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाचा सप्टेंबरमधला निकाल. एका माणसाला एड्सचा विषाणू असल्याचं दवाखान्यातून बाहेर कळलं, लग्न मोडलं, त्यानं दावा लावला, आणि कोर्टानं म्हटलं की होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका असेल तिथं दवाखान्यानं सांगितलं तर गुन्हा नाही. साहेबांनी त्यावर पिवळी रेघ मारलेली. "पाहा, तुम्ही काही चूक केलीच नाही. एका मुलीला वाचवलंत. तुमचीच बहीण ना?"

खरं सांगते, क्षणभर मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या कोर्टानं माझी पाठ थोपटली असं वाटलं. आणि मग साहेब म्हणाले, "तरी पण उगाच लचांड नको. रजिस्टरं जुनी आहेत, खालची खोली ओली आहे. वाळवी लागते. लागली असं लिहून द्या. मी सही करतो. पुढच्या महिन्यापासून तुम्ही सुपरवायझर."

मी चूक केली नाही तर रजिस्टराला वाळवी कशाला लागायला हवी? हे विचारलं नाही. मी म्हटलं, "सरी, सर. बरं." आणि खाली आले. सरी, सर! जिभेला काय रोग झालाय माझ्या? जमनामावशीसमोर तोफेसारखी सुटते आणि साहेबांसमोर सरी, सर.

खाली येऊन एकोणीस वर्षांची पाचही रजिस्टरं काढली आणि पुसली. वाळवी कुठली! मी दर पावसाळ्यात कडुनिंबाचा पाला घालते. कागद कोरडा खडखडीत आहे.

साहेब एक गोष्ट विसरले. एक्क्याण्णव साली त्यांच्या पुतणीचं ठरत होतं, तेव्हा ते स्वतः माझ्या खोलीत आले होते, चप्पल काढून, देवळात यावं तसे. "स्वल्प नोडी, मॅडम. जरा बघा." मुलाकडच्यांची फाईल मी काढली आणि नोंद केली. मागणारा: सुधींद्र साहेब. कारण: सोयरीक. त्यांनी हसत सही केली होती.

यात कुणाकुणाचा तळतळाट आहे देव जाणे. अगं, एकेक पान उलटताना मला माणसं आठवेनात, आजार आठवले. म्हणजे बघ. एकोणीस वर्षं मी माणसांना आजारांवरून ओळखलं.

अक्का


रविवार, १७ जानेवारी १९९९

चंदना,

गुरुवारी संक्रांत होती. जमनामावशी आली. घरी नाही, रेकॉर्ड रूममध्ये! एळ्ळू-बेल्लाची पुडी, उसाचं कांडं, आणि गजरा. मागल्या सगळ्या वर्षभरात ती आली नव्हती. मला वाटलं माफी मागायला आली असेल. वेडी मी.

तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "गोड बोल बाई आता. झालं गेलं." मग स्टूल ओढून बसली आणि पदराआडून चिठ्ठी काढली. "हे नाव बघ की. कॉटनपेटेतली मुलगी आहे, तुमच्याकडे कावीळ म्हणून होती. पण कावीळच होती का गं?"

चंदना, तोंडात तीळ होते, ते मला गिळवेनात. मी उठून मोरीत थुंकले. तिच्यासमोर.

"अय्यो, काय झालं तुला?" म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, त्या अजितच्या चार ओळी तुम्ही किती घरी सांगितल्यात?"

तर डोळे मोठे करून म्हणते, "मी? मी फक्त आपल्यातल्यांना सांगितलं!"

आपल्यातल्यांना. मी तिला हाताला धरून दारापर्यंत नेलं. गजरा तिच्याच हातात परत ठेवला. जाताना ती जिन्यात थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "फार शहाणपणा शिकवू नकोस संयोगिते. मी तोंड उघडलं तर तुझं काय राहील ते बघ." दोन नर्सा ऐकत होत्या. मी दार लावून घेतलं.

ती काय म्हणाली त्याचा फार विचार करू नकोस. रागात बाई काहीही बोलते.

त्या कॉटनपेटेच्या मुलीची फाईल मी काढली नाही. आयुष्यात पहिल्यांदा चौकशीला नाही म्हटलं. मोठा पराक्रम केल्यासारखी घरी आले आणि भात लावताना रडले.

अजितची तब्येत कशी आहे? काम लागलं का कुठं? मला विचारायचा हक्क नाही, तरी विचारते.

अक्का


रविवार, ७ फेब्रुवारी

चंदना,

तुमच्या वकीलबाई घरी येऊन गेल्या. श्यामलाबाई. आपल्याकडच्याच निघाल्या, चिकपेटेतल्या. मराठी अगदी आपल्यासारखं, मधेच 'हो'च्या जागी "हौदु, हौदु" म्हणतात. मी कॉफी केली, त्यांनी साखर नको म्हटलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "मधुमेह का?" असं झालंय माझं. त्या नुसत्या हसल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं.

साहेबांचं ते कात्रण मी त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी एक नजर टाकली. "हे सगळे दवाखानेवाले खिशात घालून फिरतात आता. पुरं कुणी वाचत नाही. पेशंटचं गुपित राखायचं, हा नियम कोर्टानंही मान्य केला आहे. फक्त तो सगळ्याच्या वर नाही, एवढंच म्हटलं. तिथं लागण होण्याचा प्रश्न होता, एका बाईच्या जिवाचा. इथं काय होतं? माणसाचं मन खचलं होतं. ते कुणाला लागतं का? आणि सांगितलं कुणाला? होणाऱ्या बायकोला नाही, त्याच्या घरमालकिणीला!"

तू तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये येऊन विचारलं असतंस तरी एक वेळ चाललं असतं, असा त्याचा अर्थ. पण तुला तर अजितनं आधीच सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात, लालबागेत. हे मला श्यामलाबाईंकडून कळलं. म्हणजे ज्या गुपितापासून मी तुला वाचवायला निघाले होते ते तुला माझ्याआधी ठाऊक होतं, आणि तू ते मनात जपून ठेवलं होतंस. मी कॉफीचा कप धुवायला म्हणून आत गेले आणि धुतलेलाच कप परत धुतला.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. मंच मला समन्स काढेल: रजिस्टरं घेऊन हजर राहा. "सगळी आणा. पाचही," म्हणाल्या. "नवं रजिस्टर गेल्याच वर्षी सुरू झालंय, त्यात 'सोयरीक' एकदाच असेल तर ते म्हणतील, एका कारकून बाईनं घरच्या भानगडीत एकदा केलेलं पाप आहे, आमचा काय संबंध? एकोणीस वर्षांचं असेल तर त्यांना तोंड उघडायला जागा नाही."

मी म्हटलं, "जुनी कशाला?"

त्या म्हणाल्या, "का, काही अडचण आहे?"

"नाही," म्हटलं मी. "धूळ फार आहे."

अक्का


रविवार, २८ फेब्रुवारी

चंदना,

तुझं पत्र! पाकिटात, चांगलं जाड, चार पानं! मी ते जिन्यातच उभं राहून वाचलं आणि मग वर येऊन परत वाचलं. "अक्का, तू रजिस्टर दिलंस, आता माझं काही म्हणणं नाही. पाडव्याला आम्ही दोघं येतो. अजितला तुझ्या हातचा बिसी बेळे भात खायचा आहे." मी घरमालकिणीला सांगितलं, माझी बहीण आणि मेव्हणे येणार. मेव्हणे हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला असेल.

तुझी खोली झाडली. गादीला ऊन दाखवलं. जयनगर कॉम्प्लेक्समधून अजितसाठी एक शर्टपीस आणलं, निळं. आवडेल ना त्याला? नसेल तर बदलून देतात.

मंचात काय झालं ते श्यामलाबाईंनी लिहिलंच असेल. मी पाचवं रजिस्टर ठेवलं. अजितची नोंद मोठ्यानं वाचली. "हो, मी दाखवली. हो, त्याला न विचारता." साहेबांच्या वकिलांनी विचारलं, बाकीची रजिस्टरं कुठं आहेत, तर मी सांगितलं की खोली ओली आहे, वाळवीनं खाल्ली. त्यांनी जास्त विचारलं नाही. सुधींद्र साहेब माझ्याकडे बघून एवढे प्रसन्न हसले की मला घाम फुटला.

नोकरी गेली नाही. सस्पेंड केलंय, पण साहेबांनी कुणाकडून तरी निरोप पाठवला की प्रकरण निवळलं की बघू.

आता हे सगळं झालं ना गं? येतेस ना तू? पाडव्याला कडुनिंब आणि गूळ मी आणून ठेवते, तू नुसती ये.

तुझी अक्का


बुधवार, १० मार्च

चंदना,

हे पत्र बसून वाच. अजितला शेजारी बसव, पण वाच तू.

काल श्यामलाबाई आल्या. नर्सिंग होमचं लेखी उत्तर आलंय. त्यांनी म्हटलंय, एका विक्षिप्त, अविवाहित कर्मचारी बाईनं बहिणीचं लग्न मोडण्यासाठी वैयक्तिक आकसानं एकदाच केलेलं हे कृत्य आहे. संस्थेला त्याची कल्पना नाही. आणि अर्जदार मानसिक रुग्ण असल्यानं त्याच्या म्हणण्यावर किती विश्वास ठेवावा हे मंचानं ठरवावं. हेही लिहिलंय! त्याच फाईलमधून काढून! पहिल्यांदा चोरून वाचलं, आता कोर्टात उघड वाचतायत. श्यामलाबाईंनी कागद मिटला आणि म्हणाल्या, "वाळवी लागली नसती तर त्यांना गाडलं असतं. आता अवघड आहे."

वाळवी लागलेली नाही. चारही रजिस्टरं माझ्या पलंगाखाली, तुझ्या जुन्या ट्रंकेत आहेत. साहेबांनी नष्ट करू नयेत म्हणून मी ती डिसेंबरातच एकेक करून पिशवीतून घरी आणली. मला वाटलं होतं मी ती अजितसाठी वाचवली. खरं म्हणजे तुझ्यापासून लपवली.

दुसऱ्या रजिस्टरात, पान त्र्याण्णव. ९ जून १९८८. नाव: कु. चंदना. मागणारा: जमनाबाई, शिमोग्याच्या स्थळासाठी. कारण: सोयरीक. सही माझी.
पान एकशे दोन. ऑगस्ट. होसूरचं स्थळ. सही माझी.
पान एकशे वीस. पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी. बंगलोरचेच, तुला आवडलेला तो इंजिनिअर. सही माझी.

तुझं ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली, डाव्या बाजूचं अंडाशय काढलं. उजवं चांगलं आहे, मुलं होतील, असं डॉक्टरांनी त्याच कागदावर लिहिलं होतं. पण शेवटच्या ओळीपर्यंत कोण वाचतं? मी वाचून दाखवली होती, ही एवढी एक सफाई मला आहे. तिघांनीही पत्रिका जमत नाही म्हणून कळवलं.

तू म्हणालीस, "अक्का, मी काळी आहे ना म्हणून." आठवतं? मग ती क्रीमं आली. हळद, दुधाची साय, मसुराचं पीठ. दुपारी उन्हात जायचं तू सोडलंस. पांढरी साडी नेसायचं सोडलंस. कॉलेजातला फोटो फाडलास. तीन वर्षं तू आरशासमोर स्वतःचा चेहरा घासत होतीस आणि मी तुला मसुराचं पीठ दळून आणून देत होते. मला ठाऊक होतं की तुझ्या चेहऱ्याला काही झालेलं नाही. मी एकदा बोलले असते, "चंदने, रंगाचं काही नाही गं." बोलले नाही. थू माझ्यावर.

का दाखवली? जमनामावशी म्हणाली, "दुसऱ्यांच्या पोरींच्या दाखवतेस आणि घरची लपवतेस होय?" आणि मला ते पटलं! मी विचार केला, बरोबर आहे, सगळ्यांना एकच न्याय. लोकांच्या मुलींची पानं उघडायची आणि आपल्या बहिणीचं झाकायचं, हा लबाडपणा होईल. इतकी मी सचोटीची बाई. फाईल काढली, आधी नोंद केली, मग वाचली.

हे कारण पुरेसं वाईट आहे. पण खरं कारण त्याच्या खाली आहे आणि ते मी आजपर्यंत स्वतःलाही सांगितलेलं नाही. तिसऱ्या वेळी, त्या इंजिनिअरच्या वेळी, मावशी न मागताच मी फाईल काढून ठेवली होती. आई-अण्णा गेल्यावर घरात आपण दोघीच. तू गेलीस की मी एकटी. नकार आला त्या संध्याकाळी तू रडत होतीस, मी तुझ्या केसांतून हात फिरवत होते, आणि मला बरं वाटत होतं. चंदना, मला आतून बरं वाटत होतं की तू राहिलीस. अजितच्या वेळीही तेच. त्या वकिलानं "आकस" लिहिलं, तो चुकला. आकस नव्हता. तुला घरात ठेवायचं होतं.

लिहिलं.

आज सकाळी चारही रजिस्टरं रिक्षात घालून मी श्यामलाबाईंच्या ऑफिसात नेली. मंचासमोर खोटं बोलले हेही प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. त्यांनी दुसरं रजिस्टर चाळलं, पान त्र्याण्णवशी थांबल्या, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्या बहिणीला हे ठाऊक आहे?" मी म्हटलं, "परवापर्यंत होईल." सव्वीस तारखेला ही पानं मंचात मोठ्यानं वाचली जातील. ती तुला तिथं, परक्याच्या तोंडून कळू नयेत म्हणून हे पत्र. आयुष्यभर मी सगळ्यांचं सगळ्यांना सांगितलं. तुझं तुला पहिल्यांदा सांगते आहे.

त्या रजिस्टरांत 'सोयरीक' एकशे सदतीस वेळा आहे. श्यामलाबाई म्हणतात, नावं झाकून नुसते आकडे दाखवायची परवानगी मागू, म्हणजे त्या माणसांचं परत उघडं पडणार नाही. मला हे सुचलंही नव्हतं. मी थेट रजिस्टर उघडून टेबलावर ठेवणार होते. अजून शिकले नाही बघ.

पाडव्याचं तुझ्यावर सोडते. येऊ नकोस, असं मी म्हणणार नाही, कारण मला तू यायला हवी आहेस. पण मला काय हवं ते या घरात पुष्कळ झालं.

सोबत एक वकालतनामा आणि तक्रारीचा अर्ज आहे. अजितचा नाही, नवा. मी श्यामलाबाईंना विचारलं, चंदनाला पण तक्रार करता येईल का? त्या म्हणाल्या, "जुनं आहे, पण तिला आजच कळतंय, मुदतीचं मी भांडेन. नर्सिंग होमविरुद्ध करायची ना?" मी म्हटलं, त्यांच्याविरुद्ध आणि आणखी एकाविरुद्ध. तुझं नाव, वय, पत्ता मी भरलाय. ऑपरेशनची तारीख भरली आहे. तुला न विचारता भरली, आवडलं नाही तर खोड. 'विरुद्ध'च्या पुढं पहिल्या ओळीत नर्सिंग होम आहे. दुसरी ओळ कोरी ठेवली आहे. तिथं माझं पुरं नाव लिही, अण्णांच्या नावासकट, आणि खाली सही कर.

संयोगिता